शाळा सुटली तरी शिक्षण सुटू नये

निवासी शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्या पानांवर शाळेचा गौरव व्हावा, हे रीतीला धरूनच आहे. तो गौरव इतर लेखांतून होईल. आम्ही या लेखात मात्र शाळेबाहेरच्या शिक्षणाविषयी लिहिणार आहोत. गेली काही वर्षे दोन अगदी निरनिराळ्या प्रकारचे पालक आमच्याकडे येऊन एकच प्रश्न विचारीत आहेत. पहिले पालक नागपूर-पुण्याला नोकरीस लागलेले आपले माजी विद्यार्थी. मुलामुलींना शाळेत न पाठवता घरीच, त्यांच्या आवडीनुसार शिकवावे काय, असे ते विचारतात. दुसरे पालक रोहणा आणि पंचक्रोशीतील शेतमजूर वा लहान शेतकरी. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा नववीत नापास होऊन घरी बसला आहे, किंवा मुलीला दहावीआधीच घरी ठेवले आहे. 'आता याला घरी काय शिकवायचे, गुरुजी?' हा त्यांचा प्रश्न. दोघांच्या प्रश्नातील शब्द सारखे असले तरी अर्थ सारखा नाही, आणि म्हणून उत्तरही एक असू शकत नाही.

ज्याला आज होमस्कूलिंग म्हणतात ती कल्पना थोडक्यात अशी: मुलाला शाळेतून काढावे, वेळापत्रक बाजूला ठेवावे, मुलाला ज्या गोष्टीची ओढ आहे तिचा धागा धरावा आणि त्या धाग्याने इतर विषयांपर्यंत त्याला न्यावे. महाराष्ट्रात याचे गाजलेले उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचे आहे. ती सातवीच्या सुमारास शाळेतून बाहेर पडली. आईने नोकरी सोडून घरी अभ्यासाची व्यवस्था केली. मुलीने अनेक विषय चाचपून पाहिले आणि अखेर ती संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिला प्रवेश दिला आणि २०१६ साली अमेरिकेच्या एमआयटीने तिला पदवीसाठी घेतले. वृत्तपत्रांनी ही कथा मोठ्या कौतुकाने छापली, आणि कौतुक योग्यच होते. मुलाला ओढ लागली म्हणजे ते किती दूर जाऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

परंतु ही कथा वाचताना आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट वाचली पाहिजे. त्या घरात शिकलेली आई होती, नोकरी सोडण्याइतकी सोय होती, संगणक होता, इंग्रजी होती आणि महानगर होते. ज्या घरात चूल पेटवण्यासाठी दोघांनाही पहाटे कपाशीच्या वावरात जावे लागते, तेथे घरी शिकवणारे कोण? टाळेबंदीने हा प्रयोग आपल्यावर न विचारता करून पाहिलाच आहे. मार्च २०२० मध्ये शाळा व वसतिगृहे बंद झाली, मुले गावी परतली आणि शिक्षण मोबाईलवर आले. ज्या घरात एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात, त्या घरातील मूल महिनोनमहिने अक्षरांपासून दूर राहिले. पुष्कळ मुले मजुरीला लागली, ती पुन्हा शाळेत आलीच नाहीत. आहेत त्या घरांवरच शिक्षण सोपवले तर आहे ती विषमताच वारसा म्हणून पुढे जाते, हा त्या काळाचा धडा आम्ही विसरलेलो नाही.

आम्ही इतिहास शिकवतो, म्हणून इतिहासाची साक्ष काढतो. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने 'घरी शिक्षण' म्हणजे शिक्षणबंदीच होती. शाळा ही आपण भांडून मिळविलेली जागा आहे. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८५५ मध्ये त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसले, पण शाळेतच बसले. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले, कारण शाळा असून भागत नाही, शाळेपर्यंत पोहोचण्यासाठी मुलाला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्यांनी ओळखले होते. आपली ही निवासी शाळा त्याच विचाराची नात आहे.

संविधान सभेतील एक प्रसंग येथे मुद्दाम सांगतो, कारण तो आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचे कलम चर्चेला आले तेव्हा ते केवळ प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित करावे, अशी सूचना एका सदस्याने मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येणार नाही, असे दुसरे कलम म्हणते. मग ते मूल कामावर नसेल तर ते शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मजुरी आणि शाळा यांच्यामध्ये मुलासाठी तिसरी मोकळी जागा त्यांनी ठेवलीच नाही. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षणहक्क कायदा लागू झाला.

आता चौदाव्या वर्षानंतर काय, ते पाहा. कायद्याचा हात तेथे सुटतो. आठवीपर्यंत धरून ठेवलेले मूल नववीत येते, गणित आणि इंग्रजी अवघड जातात, घरात सोयाबीनचे दर पडलेले असतात, आणि पंधराव्या वर्षी ते गळते. हेच वय मुलाच्या आवडी ठाम होण्याचेही असते. म्हणून आमचे मत दोन भागांत मांडतो. जे मूल शाळेत आहे त्याला शाळेतून काढून घरी शिकवू नये. पण जे मूल आधीच शाळेबाहेर पडले आहे, त्याला घरी नुसते बसू देऊ नये. त्याच्या आवडीच्या वाटेने घरीच शिक्षण सुरू करावे, आणि त्या वाटेचे दुसरे टोक परीक्षा व प्रमाणपत्र हेच असावे.

प्रमाणपत्राचा आग्रह काहींना जुनाट वाटेल. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्यांची जमीन, दुकान आणि ओळखी आहेत त्यांनी प्रमाणपत्राला कागद म्हणावे. आपल्याकडे शाळेचा दाखला हाच सातबारा आहे. जातीचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणी करताना अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात, तेव्हा कोणा आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदच कामी येते. ज्याचे आजोबा दोन वर्षे का होईना शाळेत गेले होते त्याचे काम होते, बाकीचे कार्यालयांचे उंबरठे झिजवतात. दहावीविना आयटीआयचे बहुतेक व्यवसाय-अभ्यासक्रम मिळत नाहीत, शिष्यवृत्ती मिळत नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना मिळत नाही. तेव्हा 'ज्ञान महत्त्वाचे, कागद नव्हे' हे वाक्य आपल्या मुलांपुढे उच्चारताना जपून उच्चारावे.

याच संदर्भात अण्णाभाऊ साठे आणि वामनदादा कर्डक यांची नावे नेहमी घेतली जातात. अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले आणि पुढे 'फकिरा' लिहिली. १९२२ साली जन्मलेले वामनदादा मुंबईत मजुरी करीत असताना कोणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही. त्या शरमेने त्यांनी अक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे शिकली आणि पुढे हजारो गीते समाजाला दिली. या दोघांची नावे घेऊन 'शाळेवाचून काय अडते?' असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असे की, त्यांना शाळा मिळाली नाही हा समाजाचा गुन्हा होता. तो आदर्श म्हणून मिरवायचा नसतो. त्यांच्यासारखे किती जण अक्षराविना मातीत गेले, त्यांची गणती कोणी ठेवली नाही. मात्र या दोन आयुष्यांतून शिकवणाऱ्याने एक गोष्ट जरूर घ्यावी. शिकण्याची सुरुवात बाराखडीच्या पुस्तकातून झाली नव्हती. ती चळवळीतून, गाण्यातून, रस्त्यावरच्या पाटीतून झाली. ओढ आधी आली, अक्षर मागून आले.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतही हे दिसते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरला. त्यांनी त्याची विचारपूस केली, पुस्तके दिली, मॅट्रिकनंतर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शाळेचा अभ्यासक्रम त्या बागेत नव्हता. तेथे एक वाचणारा मुलगा होता आणि त्याच्या वाचनाची दखल घेणारे एक प्रौढ माणूस होते. त्या एका पुस्तकाची वाट पुढे १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत गेली.

आणि आपण बौद्ध आहोत, तर चुल्लपंथकाची कथा आपल्याला ठाऊक असली पाहिजे. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावाने, महापंथकाने, 'तुला हे जमणार नाही, घरी जा' म्हणून त्याला विहारातून काढले. आजच्या भाषेत तो गळालेला विद्यार्थीच. तथागत त्याला दारातच भेटले. त्यांनी त्याला पाठांतर दिले नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि उन्हात बसून ते हाताने चोळायला सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि जे गाथेतून कळले नव्हते ते अनित्यत्व त्याला हाताखाली दिसले. चुल्लपंथक अर्हतपदाला पोहोचला. शिकवणाऱ्याने मुलाच्या हाताला काय जमते ते आधी पाहावे, हा धडा या कथेत अडीच हजार वर्षांपासून आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्याने हीच गोष्ट दुसऱ्या मार्गाने जगापुढे ठेवली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. हाताच्या कामातून सर्व विषय शिकवावेत, हे तिचे सूत्र. डॉ. अभय बंग यांच्यासारखे विद्यार्थी त्या शाळेतून घडले. आंबेडकरी म्हणून आमचा या योजनेविषयीचा सावधपणा मात्र कायम आहे. वर्णाने वडिलोपार्जित धंदा ठरावा, या गांधीजींच्या मताशी बाबासाहेबांचा उभा दावा होता. ज्यांना शतकानुशतके हातकामालाच जुंपले त्यांच्या मुलांपुढे पुन्हा टकळी ठेवली तर संशय येणारच. म्हणून आम्ही भेद करतो. काम हे शिकण्याचे दार असावे, मुलाचे नशीब असू नये. त्या दारातून आत गेल्यावर भौतिकशास्त्र, कायदा, इतिहास ही सारी दालने उघडी दिसली पाहिजेत.

प्रत्यक्षात हे कसे करावे, हे आपल्याच गावच्या उदाहरणांनी सांगतो.

समजा मुलगा शाळा सोडून वावरात जातो आणि त्याला कपाशीतील किडींचे कुतूहल आहे. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात रोज सकाळी किती पतंग सापडले, हे त्याला वहीत लिहायला सांगावे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग आढळले तर उपाय करण्याची वेळ आली, असे कृषितज्ज्ञ सांगतात. म्हणजे सरासरी आली, आलेख आला, किडीचे जीवनचक्र आले. मग औषधाच्या डब्यावरील त्रिकोण त्याच्याकडून वाचून घ्यावा. लाल, पिवळा, निळा, हिरवा, या रंगांनी विषाची तीव्रता सांगितलेली असते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हा मुलगा त्रिकोण वाचायला शिकला तर रसायनशास्त्राचा पहिला पाठ त्याच्या बापाचा जीव वाचवू शकतो. विज्ञानाला याहून मोठे प्रयोजन कोणते?

दुसऱ्या मुलाला गाड्यांचे, यंत्रांचे वेड असते. त्याच्यासाठी आपल्या रोहण्याजवळूनच गेलेली पुलगाव-आर्वी ही अरुंद रूळमार्गाची 'शकुंतला' आहे. गाडी बंद पडली, तरी तिच्याविषयी प्रश्न पुष्कळ आहेत. रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर का? मुख्य लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, मग आर्वीकडे ही शाखा कशासाठी आली? उत्तर कपाशीत आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाट-वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. कापूस नेण्यासाठी रूळ आले, १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल उभी राहिली. गिरण्यांत कामाला लागलेल्या महार कुटुंबांतूनच पुढे विदर्भाच्या चळवळीचे कार्यकर्ते निघाले. गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या मुलाने या गाडीच्या आठवणी लिहून काढल्या तर भूगोल, अर्थशास्त्र आणि इतिहास एका वहीत येतील. शिवाय आपल्या आजोबांचे आयुष्य हा इतिहासाचाच भाग आहे, हे त्याला प्रथमच कळेल.

तिसरी मुलगी भीमगीते गाते. तिला गीतातील मात्रा मोजू द्याव्यात, म्हणजे गणित आणि व्याकरण दोन्ही आले. गीतात आलेला महाडचा, काळारामाचा, पुण्याचा प्रसंग कोणता, तो कोणत्या वर्षी घडला, हे तिला शोधू द्यावे. ऐकलेली गीते शुद्धलेखन सांभाळून वहीत उतरवू द्यावीत. जी मुलगी निबंधाची एक ओळ लिहायला कंटाळत होती ती चाळीस गीतांची वही लिहून काढील.

पालकांसाठी चार गोष्टी सांगतो. पहिले काही आठवडे पाठ्यपुस्तक समोर ठेवू नका. नापासाचा घाव ताजा असतो, पुस्तक दिसताच तो उघडतो. दुसरे, रोज एक ठरलेला तास आणि एक वही एवढे मात्र सोडू नका. आई-वडील निरक्षर असले तरी 'आज काय लिहिलेस, वाचून दाखव' एवढे विचारू शकतात, आणि एवढे पुष्कळ असते. तिसरे, सहा महिन्यांनंतर आवडीच्या वहीवरून पुस्तकाच्या धड्याकडे वळा, कारण आता धडा त्याच्या ओळखीचा झालेला असेल. चौथे, परीक्षेचा मार्ग आधीच ठरवा. राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना दहावीसाठी नाव नोंदवता येते, विषय निवडता येतात, आणि पाच वर्षांत नऊ संधींत एकेक विषय सोडवता येतो. शक्य असेल तेथे सर्वांत उत्तम म्हणजे मूल पुन्हा शाळेतच यावे.

मुलींबाबत एक अट मात्र आम्ही ठामपणे घालतो. मुलगी घरी शिकते म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळते, स्वयंपाक करते आणि स्थळ येण्याची वाट पाहते, असा अर्थ आपल्याकडे चटकन होतो. ते शिक्षण नव्हे, ती माघार आहे. हमाली करून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या आणि त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. त्यांच्या विदर्भात मुलीची वही चुलीमागे पडावी, हे आपल्याला शोभत नाही. तिचा तास, तिची वही आणि तिचा परीक्षेचा अर्ज या तीन गोष्टी दिसत नसतील, तर तिला घरी ठेवण्याला शिक्षण हे नाव देऊ नका.

आता माजी विद्यार्थ्यांकडे वळतो. या शाळेने ज्यांना जेवू घातले, दिवा दिला, ते आज शिक्षक, परिचारिका, तलाठी, अभियंते आहेत. वर्धापनदिनाला येऊन पंखा किंवा पाण्याची टाकी भेट देण्याची पद्धत चांगली आहे, ती चालू राहावी. पण प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या गावातील एक गळालेले मूल निवडावे, महिन्यातून दोनदा त्याची वही पाहावी, त्याच्या आवडीचे एक पुस्तक त्याला द्यावे आणि त्याचा परीक्षेचा अर्ज स्वतः भरून द्यावा, अशी आमची विनंती आहे. केळुसकर गुरुजींनी याहून अधिक काही केले नव्हते. शाळेकडेही एक मागणे आहे. रविवारी ग्रंथालय आणि प्रयोगशाळा परिसरातील शाळाबाह्य मुलांसाठी खुली करावी. आपल्या पटावर त्यांचे नाव नाही, हे खरे. परंतु ज्या विचाराने ही शाळा उभी राहिली, त्याच्या पटावर त्या प्रत्येकाचे नाव आहे.

नागपूर-पुण्याच्या पालकांना शेवटी एवढेच सांगतो. तुमच्या घरी पुस्तके आहेत, संगणक आहे, वेळ आहे. मुलाच्या आवडीला वाट देण्यासाठी त्याला शाळेतून काढण्याची गरज नाही, शाळेनंतरचे चार तास पुरेसे आहेत. शाळेत तो वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांसोबत बसतो. एका बाकावर बसण्याचा तो हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. बंधुता ही घरात एकट्याने शिकण्याची गोष्ट नाही. आणि तुमच्या घरात जे अधिक आहे, त्यातील एक तास गावाकडच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी काढा. तो आज कपाशीच्या वावरात आहे. त्याला काय आवडते, हे त्याला अजून कोणी विचारलेले नाही. ते विचारण्यापासून सुरुवात करावी.

जय भीम.